स्ट्रक्चरमधील फील्डांचा क्रम

प्रश्न : बेळगावला शिकताना सरांनी सी भाषेच्या हेडर फाइलमधील (सामायिक घोषणांची फाइल) स्ट्रक्चरची, म्हणजे एकत्र बांधलेल्या माहितीच्या गटाची, फील्डे (घटक) वर्णानुक्रमे लावायला सांगितली. हे योग्य आहे का?
— एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : वर्णानुक्रम शेवटी येतो. फ्रीबीएसडी या संगणक कार्यप्रणालीची कोड लिहिण्याची शैली आधी वापर, मग मोठ्याकडून लहान आकार आणि त्यानंतरच वर्णक्रम पाहते; प्रत्येक फील्ड स्वतंत्र ओळीवर घेते. सी कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) क्रम स्वतःहून बदलत नाही, त्यामुळे नेहमीच्या ६४-बिट यंत्रावर १ बाइटाचे कॅरेक्टर, ८ बाइटांचा पूर्णांक आणि पुन्हा कॅरेक्टर असे लिहिल्यास फील्ड योग्य पत्त्यावर बसवण्यासाठी सोडलेल्या रिकाम्या भरणीसह २४ बाइट लागतात, तर पूर्णांक आधी घेतल्यास १६ पुरतात. मात्र वापरात आलेल्या सिस्टीम हेडरमध्ये हा नीटनेटकेपणाचा सोस नको, कारण आधीच कंपाइल झालेले प्रोग्राम फील्ड जुन्याच जागी शोधतात.