वाचक विचारतात : काळ्या पायांचा फेरेट

प्रश्न : काळ्या पायांच्या फेरेटची शिकार कुणी फारशी केली नाही, मग तो नामशेष व्हायच्या बेतात कसा आला?

उत्तर : त्याचं अन्न आणि घर दोन्ही एकदमच गेलं. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतला हा प्राणी मुंगसासारखा दिसतो, पण आहे पाणमांजराच्या कुळातला. त्याच्या खाण्यात नऊ-दशांश वाटा प्रेअरी डॉगचा. हा डॉग म्हणजे कुत्रा नव्हे, वसाहती करून बिळांत राहणारी खार. फेरेट राहतोही तिच्याच बिळात. ही खार गुरांचं गवत संपवते म्हणून विसाव्या शतकात सरकारी मोहिमा काढून तिच्या वसाहतींना विष घातलं गेलं. बरीच जमीन नांगराखाली गेली. त्यात 1900 च्या सुमारास जहाजांमधून आलेला प्लेग खारींत पसरला.

1964 मध्ये अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात थोडे फेरेट सापडले. पुढे त्यांतले सहा पकडून त्यांना डिस्टेंपरची, म्हणजे कुत्र्यांना होणाऱ्या एका जीवघेण्या विषाणूरोगाची, जिवंत विषाणूची लस दिली. पाळीव फेरेटना ती चालली होती, पण या सहांपैकी चार त्या लशीनेच मेले. बंदिवासातला शेवटचा 1979 मध्ये गेला आणि जात संपली असंच सगळे धरून चालले. 1981 मध्ये वायोमिंगमधल्या मीटीत्सी गावाजवळ एका शेतावरच्या कुत्र्याने मेलेला फेरेट घरी आणला, तेव्हा तिथली वस्ती उघडकीस आली. 1985 मध्ये तिथेही प्लेग आणि डिस्टेंपर शिरला. 1987 पर्यंत उरलेले पकडले, ते भरले 18. आजचे बहुतेक सगळे फेरेट त्यांतल्या 7 जणांचे वंशज आहेत.

प्रश्न : सगळे इतक्या जवळच्या नात्यातले, म्हणूनच फेरेटचा क्लोन, म्हणजे पेशीपासून हुबेहूब प्राणी, केला का?

उत्तर : हो. 1988 मध्ये गोठवलेल्या विला नावाच्या मादीच्या पेशींपासून डिसेंबर 2020 मध्ये एलिझाबेथ अॅन जन्मली. विलाचा वंश त्या सातांत नव्हता, म्हणून तिचं मोल. एलिझाबेथ अॅनला पिल्लं झाली नाहीत. त्याच पेशींपासून केलेल्या अँटोनियाला 2024 मध्ये झाली.

प्रश्न : पिंजऱ्यात जन्मलेलं पिल्लू मोकळ्या रानात जगतं कसं?

उत्तर : आधी शिकवावं लागतं. सोडण्यापूर्वी निदान 30 दिवस त्याला मातीच्या, बिळं असलेल्या उघड्या आवारात ठेवून जिवंत प्रेअरी डॉग देतात. खार वजनाने जवळपास त्याच्याएवढीच असते, त्यामुळे गळा नेमका धरता आला नाही तर फेरेटच जखमी होतो. पिंजऱ्यातून थेट सोडलेले फेरेट जमिनीवर भटकत राहतात आणि कोयोटी (कोल्ह्यासारखे रानकुत्रे) किंवा घुबडांच्या तोंडी जातात. सोडणी पहिल्यांदा झाली 1991 मध्ये, वायोमिंगच्या शर्ली खोऱ्यात.

प्रश्न : इतकी वर्षं सोडूनही रानात जेमतेम 300 च का?

उत्तर : प्लेग. पिसवांतून तो फेरेटला होतो, रोगट खार खाल्ल्यानेही होतो. आणि खारींची वसाहत मेली की उरलेला फेरेट उपाशी मरतो. म्हणून वसाहतीतल्या प्रत्येक बिळात डेल्टामेथ्रिन या पिसवा मारणाऱ्या औषधाची पूड फुंकतात, बिळामागे चार-पाच ग्रॅम. हजारो बिळं पायी फिरून करायची! सुटलेल्या बिळांत पिसवा टिकतात, आणि वर्षानुवर्षं एकच औषध वापरलं की त्या त्याला दाद देईनाशा होतात.

दुसरा उपाय फेरेटला प्लेगची लस. ती दोनदा टोचायची असते, मध्ये तीन-चार आठवडे सोडून. रानात जन्मलेल्याला त्यासाठी दोनदा पकडावं लागतं. रात्रभर गाडीवरून प्रखर दिवा फिरवत हिंडायचं. हिरवे डोळे चमकले की त्या बिळाच्या तोंडाशी गोणपाटात गुंडाळलेला लांबट जाळीचा सापळा लावायचा, आसपासची भोकं बुजवायची आणि तासातासाला सापळा बघायचा. कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपवरून कोण सापडला ते कळतं. चिप नसेल तर तो रानातच जन्मलेला, म्हणजे लस न मिळालेला. अशी पिल्लं दर वर्षी नव्याने जन्मतात, म्हणून हे काम दर वर्षी करावंच लागतं. संकटग्रस्त यादीतून नाव काढायला रानात प्रजननक्षम 3000 फेरेट लागतील.