समजुतीच्या कागदाची तिसरी ओळ

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्याजवळ पादरा रस्त्याकडे चाळीसेक घरांची छोटी सोसायटी. नळाची लाइन अजून पोचलेली नाही, पिण्यासाठी बोअरचंच पाणी. मागच्या रासायनिक कारखान्यामुळे ते पिवळं पडलं, त्याला वास येऊ लागला. तक्रारी वाढल्यावर कारखान्याने सोसायटीला आरओचा प्लांट बसवून दिला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये 'आता आमची काही तक्रार राहिलेली नाही' अशा कागदावर सेक्रेटरींची सही घेतली. प्लांट वर्षभरात बंद पडला. गेल्या दिवाळीनंतर सोसायटीने वर्गणी काढून दुसरी, खोल बोअर मारली. यंदाच्या जानेवारीत तिचंही पाणी बिघडलं. सेक्रेटरीकाका विचारतात: सही दिली म्हणजे आमचा हक्क गेला का? आणि बडोद्याच्या दिवाणी न्यायालयात दावा लावायला किती खर्च येईल?

नंदेसरीकडून, पादऱ्याकडून, पार अंकलेश्वरहूनही मला असेच प्रश्न येतात. कुठे आरओ, कुठे टँकर, कुठे शाळेला कूलर, आणि त्याबरोबर एक सही. म्हणून उत्तर इथे सविस्तर देतो.

काका, सहीची काळजी सोडा. न्यायालयात जायचा हक्कच सोडून देणारा करार भारतीय करार कायद्याच्या कलम २८ नुसार त्या मर्यादेपर्यंत रद्द असतो. शिवाय ठराव न करता सेक्रेटरीने केलेल्या सहीने चाळीस घरांतल्या माणसांचा स्वच्छ पाण्याचा हक्क जात नाही. तो हक्क जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सुभाष कुमार प्रकरणात सांगितलं आहे. कारखान्याचा वकील हा कागद पहिल्याच तारखेला पुढे करील. करू द्या.

मला भीती आहे ती त्याच कागदाच्या तिसऱ्या ओळीची. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ती स्वच्छ वाचता येते: 'ऑगस्ट २०२१ पासून सोसायटीच्या बोअरच्या पाण्यास रंग व वास येत असल्याची रहिवाशांची तक्रार होती.' चार पानांच्या पत्रात तुम्ही या ओळीचा उल्लेखही केलेला नाही. तुमचं सगळं प्रकरण मात्र तिच्यावरच उभं आहे. आपल्याला त्रास कधीपासून आहे, हे सोसायटीने स्वतःच्या सहीने लिहून दिलंय. आता ती तारीख मागे घेता येणार नाही.

याचं कारण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१०. त्याच्या कलम १४ खाली पर्यावरणाचा वाद न्यायाधिकरणापुढे न्यायचा असेल, तर दाव्याचं कारण, म्हणजे ज्या घटनेवरून दावा करायचा ती, सर्वप्रथम घडलं त्या दिवसापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. कलम १५ खाली नुकसानभरपाई आणि पाणी-जमीन पूर्ववत करून मागायची असेल, तर मुदत पाच वर्षांची. दोन्हीकडे पुरेसं कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. त्यापुढे उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला या कायद्याने दिलेलाच नाही.

आता हिशोब करा. ऑगस्ट २०२१ धरला, तर कलम १४ चे सहा महिने तुम्ही त्या कागदावर सही करत होतात तेव्हाच संपत आले होते. कलम १५ ची पाच वर्षं मात्र अजून संपलेली नाहीत. ऑगस्टचा कोणता दिवस ते कागदात नाही, म्हणून समोरची बाजू १ ऑगस्ट धरणार. तुम्हीही तोच धरा. म्हणजे ३१ जुलै २०२६ च्या आत अर्ज दाखल झालाच पाहिजे. पुढचे ६० दिवस आपल्यासाठी नाहीतच असं समजून चाला. उशिराचं कारण काय सांगणार? आरओ चालेल या आशेवर बसलो होतो? आशेवर बसून राहणं हे पुरेसं कारण ठरेल, असं मी कुणालाही सांगणार नाही.

यावर सगळे जण एकच म्हणतात: पाणी रोज बिघडतंय, म्हणजे दाव्याचं कारण रोज नवं. तुम्हीही तेच लिहिलंय. साध्या दिवाणी दाव्यात या म्हणण्याला वजन असतं. इथे कायद्याने 'सर्वप्रथम' घडल्याची तारीख मुद्दाम धरली आहे. स्वतंत्र, नवी घटना घडली तर नवी मुदत मिळू शकते, असे निकाल आहेत. पण ते त्या त्या प्रकरणाच्या हकिकतीवर गेलेले आहेत, त्यांच्या भरवशावर जुलै घालवू नका.

तुमची दुसरी बोअर हीच अशी नवी घटना म्हणून मांडता येईल. तिची खोली वेगळी, जागा वेगळी. सुरुवातीला तिचं पाणी चांगलं होतं आणि जानेवारीत बिघडलं, असं तुम्ही म्हणता. ते चांगलं होतं याचा पुरावा असेल, म्हणजे बोअर मारल्यावर केलेली तपासणी, बोअरवाल्याचं बिल, तारीख असलेले फोटो, तर तेवढ्यापुरतं कलम १४ सुद्धा धरता येईल. तेही सहा महिन्यांत, म्हणजे याच जुलैच्या आत. न्यायाधिकरण मान्य करील की नाही, हे आज खात्रीने सांगता येत नाही. अर्जात मात्र दोन्ही कलमं घाला. कलम १४ आणि कलम १५ या वेगवेगळ्या वाटा आहेत, हे बंगळुरूच्या तलावांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केलंय, त्यामुळे एक अडली तरी दुसरी खुली राहते.

दिवाणी न्यायालयाचा विचार मनातून काढा. कलम २९ ने अशा दाव्यांना तिथे बंदी आहे. तुमच्या भाच्याने दिवाणी दाव्याची नोटीस पाठवली आणि उत्तराची वाट पाहण्यात आठ महिने गेले, हे वाचून मला खरोखर राग आला. नोटीस पाठवल्याने मुदत थांबत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे केलेल्या अर्जानेही थांबत नाही, कलेक्टरसाहेबांच्या भेटीनेही नाही. उच्च न्यायालयाचं दार बंद नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते स्पष्ट केलंय. पण अहमदाबादला गेलात तर 'आधी हरित न्यायाधिकरणाकडे जा' असं ऐकायची तयारी ठेवावी लागेल. गुजरातसाठी न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय पीठ पुण्याला आहे. अर्ज तिथेच.

आता पुरावा. तुम्ही पाठवलेला पुरावा मला काळजीत टाकणारा आहे. आरओ विकायला आलेल्या माणसाने पेनासारखं यंत्र ग्लासात बुडवलं, त्यावर १८०० आकडा आला, त्याचा व्हॉट्सअॅपवरचा फोटो. एवढंच. ते यंत्र फक्त टीडीएस दाखवतं, म्हणजे पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते. क्षार कुठून आले ते नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० पाहा: टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, पण दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. तुमच्या १८०० वर कारखान्याचा वकील हेच बोट ठेवील: हे तर मर्यादेत आहे, आणि या पट्ट्यातलं पाणी मुळातच खारं. तुमच्याच फोटोने त्याचं काम होईल.

कारखान्यापर्यंत पोचवणाऱ्या तपासण्या वेगळ्या आहेत. सीओडी (पाण्यातल्या रासायनिक घाणीचं एक माप), अमोनिया, फिनॉलिक संयुगं, क्रोमियम, शिसं, निकेल, आणि त्या कारखान्यात जे बनतं त्याच्याशी नातं असलेली रसायनं. फिनॉलची इष्ट मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम, एकूण क्रोमियमची ०.०५ आणि शिशाची ०.०१, या दोन्हींना सूट नाही. यातली एक जरी ओलांडली गेली असेल, तर मुळातच खारं पाणी हे उत्तर टिकत नाही. काय शोधायचं हे प्रयोगशाळेला कळावं म्हणून कारखान्याला मंडळाने दिलेल्या संमतीपत्राची प्रत हवी. त्यात उत्पादनांची यादी असते, किती सांडपाणी आणि ते कुठे सोडायचं तेही असतं. ही प्रत, गेल्या काही वर्षांतले तपासणी अहवाल, जल कायद्याच्या, म्हणजे पाण्याचं प्रदूषण रोखणाऱ्या कायद्याच्या, कलम ३३क खालच्या नोटिसा आणि आजूबाजूच्या भूजलाचे नमुने, एवढं माहिती अधिकारात गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आजच मागा. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. उत्तर न मिळालं तर अपील करा, पण त्यासाठी मूळ अर्ज थांबवू नका. मंडळालाच प्रतिवादी करा, मग ही कागदपत्रं न्यायाधिकरण मागवील.

नमुना घेताना घाई नको. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा माणूस बोलवा, बाटल्याही त्याच्याच. धातूंच्या नमुन्याची बाटली वेगळी असते, तिच्यात आम्ल घालून ती जपावी लागते. मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत भरून स्कूटरवरून नेलेलं पाणी चालत नाही. पाणी बोअरच्या तोंडाशी घ्या, गच्चीवरच्या टाकीतून नको. आधी मोटर काही वेळ चालू ठेवा, पाइपात साचलेलं पाणी निघून जाऊ द्या. वेळ, तारीख, बोअरची खोली लिहून दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या आणि व्हिडिओ करा. दोन्ही बोअरचे नमुने वेगळे. कारखान्याच्या गटारातलं पाणी तुम्ही स्वतः भरू नका. सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे, नोटीस देऊन, भाग करून, सीलबंद घेतला तरच न्यायालयात चालतो.

कारखाना आणखी एक गोष्ट म्हणणार: दोष आमचा नाही, सांडपाण्याच्या कालव्याचा. बडोद्याच्या कारखान्यांचं पाणी धनोऱ्यापासून जंबुसरजवळच्या सारोदपर्यंत सुमारे ५६ किलोमीटर नेणारा हा कालवा १९८३ पासून पादरा तालुक्यातूनच जातो. कालवा चालवणारे कारखान्यांकडे बोट दाखवतील. या टोलवाटोलवीत अर्जदार थकतो. म्हणून दोघांनाही प्रतिवादी करा. कलम १७ प्रमाणे अनेकांच्या कृतीने नुकसान झालं असेल, तर कुणी किती भरायचं ते न्यायाधिकरण वाटून देऊ शकतं. त्याच कलमाखाली अपघाताच्या बाबतीत चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही, तिथे दायित्व दोषाविना आहे. घातक धंद्यातून झालेल्या प्रदूषणाची भरपाई तो धंदा करणाऱ्याने द्यायची, मग त्याने कितीही काळजी घेतलेली असो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राजस्थानातल्या बिछडी गावाच्या प्रकरणात सांगितलं. तिथे एच-अॅसिड या रंग बनवायला लागणाऱ्या रसायनाच्या गाळाने गावच्या विहिरींचं पाणी नासलं होतं. सफाईसाठी ३७ कोटी ३८ लाखांहून जास्त खर्चाचा अंदाज होता. अर्ज १९८९ चा, निकाल १९९६ चा, आणि अर्जामागून अर्ज करत कंपनीने टाळाटाळ चालवली म्हणून सर्वोच्च न्यायालयाला २०११ मध्ये बारा टक्के चक्रवाढ व्याज लावावं लागलं. विहिरीचं पाणी मागणाऱ्या माणसाला बावीस वर्षं! हरित न्यायाधिकरणाने अर्ज सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं कायद्यात आहे. तेवढ्यात निकाल लागेल असं वचन मी देणार नाही. म्हणूनच पहिल्या तारखेला अंतरिम आदेशाची मागणी करा: निकाल लागेपर्यंत प्रतिवादींच्या खर्चाने टँकर किंवा नळाचं पाणी, आणि मंडळाने स्वतः बोअरचे नमुने घेऊन अहवाल द्यावा.

भरपाईचा आकडा सांभाळून लिहा. भरपाई न मागता केलेल्या अर्जाला १००० रुपये फी आहे. मागितली तर मागितलेल्या रकमेच्या एक टक्का. एक कोटी लिहिलंत तर एक लाख भरावे लागतील. टँकरची बिलं, दुसऱ्या बोअरचा खर्च, मुलांच्या खाजेवर डॉक्टरांना दिलेले पैसे, एवढं कागदांनिशी मांडा. भूजल पूर्ववत करण्याची मागणी वेगळी लिहा. टँकरवाल्याकडून आजवर पावती घेतली नसेल, तर या महिन्यापासून घ्या.

फौजदारीत आत्ता शिरू नका. जल कायद्यात २०२४ मध्ये दुरुस्ती झाली, बऱ्याच शिक्षांच्या जागी दंड आले. तुमचं काम आधी पाण्याचं आहे.

सोसायटीची नोंदणी झालेली आहे का, हे पत्रात नाही. झाली असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव करून सोसायटीच्या नावाने अर्ज करा. नसेल तर घरमालकांनी स्वतःच्या नावांनी करा. बाधित माणूस किंवा बाधित जागेचा मालक कलम १८ खाली अर्ज करू शकतो. सोसायटीची नोंदणी असली तरी दोन-तीन घरमालकांची नावं जोडाच, म्हणजे त्या सहीचा मुद्दा त्यांच्यापुरता उरत नाही. ज्या घरांत लहान मुलं आहेत, त्यांना आधी विचारा.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की सगळे पाणी उकळून पितात. काका, हे आजच थांबवा. उकळल्याने जंतू मरतात. धातू आणि क्षार जात नाहीत, उलट पाणी आटतं तसे ते दाट होतात. त्या बोअरचं पाणी पिण्याला नको, स्वयंपाकालाही नको.

ठरावाची सभा याच रविवारी घ्या. प्रयोगशाळेचा अहवाल हाती आला की समजुतीच्या मूळ कागदाच्या झेरॉक्ससह सगळं वकिलाकडे द्या. मूळ प्रत कुणालाही देऊ नका, मागायला कारखान्याचा माणूस आला तरी नाही.