सरांसाठी धावूलास, तर आधी हे वाच

पोरा,

रात्री दीडला टाकलेला तुझा मेसेज सकाळी बघितला. चन्नम्मा सर्कलला मेणबत्त्या लावूया म्हणूलास. लावा की, पण तुमचे गणिताचे सर आखातात जेलात आहेत, ते सुटले तर कागदावर सुटतील आणि तो कागद आखातात नाही, इथंच बेळगावात कुणाच्या तरी कपाटात पडलाय.

सरांच्या बॅगेत सापडल्या त्या शेजारणीनं आपल्या लेकासाठी दिलेल्या गोळ्या. त्यात ट्रॅमाडॉल, म्हणजे जोरदार दुखण्यावरचं औषध. इथं चिठ्ठी दाखवली की मेडिकलात मिळतं, आखातातल्या बऱ्याच देशांत परवानगी नसताना नेलं तर थेट ड्रग्सची केस. म्हणून डॉक्टरची मूळ चिठ्ठी, मेडिकलचं बिल आणि पुडकं मीच दिलं असं शेजारणीचं ॲफिडेविट, एवढं आधी गोळा कर. ती बाई घाबरलीय, दार उघडायची नाही. दारात उभं राहून ओरडू नको, सरांच्या मिसेसना सोबत घेऊन जा, चहा दिला तर पी, मग विषय काढ. अरबी भाषांतर आणि शिक्के कुठले लागतात ते तिथल्या वकिलाला विचारूनच कर, नाहीतर दोनदा खर्च.

परराष्ट्र खात्याचं 'मदद' पोर्टल 2015 पासून आहे, त्यावर मिसेसच्या नावानं तक्रार टाक, नंबर जपून ठेव. आणि 1963 च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे आपल्या वकिलातीचा माणूस जेलात भेटू शकतो, वकील बघून देऊ शकतो, पण सरांनी स्वतः तशी मागणी केलेली बरी, तेवढा निरोप वकिलाकडून आत पोचव. शिक्षा इथं येऊन भोगायचा 2003 चा कायदा कुणीतरी तुला सांगितलाय, त्याच्या मागं आत्ताच लागू नको. तो शिक्षा पक्की झाल्यावरचा रस्ता, आपल्याला तर सर निर्दोष सुटायला हवेत.

एजंटला एक रुपया देऊ नको. माझ्या मेव्हण्याच्या वेळी एकानं 'आतून सेटिंग आहे' म्हणून साठ हजार घेतले अन् फोन बंद केला, वहिनीच्या बांगड्या गेल्या त्यात.

फेसबुकवर त्या देशाला शिव्या घालणारी पोस्ट आजच काढ. आणि ह्यात सीमाप्रश्न घुसडू नका बाबा. सरांकडं कन्नड पोरंपण गणित शिकली, डीसी म्हणजे जिल्हाधिकारी ऑफिसचा अर्ज त्यांच्यातल्याच एकाला कन्नडात लिहू दे, खासदारांकडं जाताना दोघं मिळून जा.

सरांना आपली बेळगावी मिठाई कुंदा पाठवू का विचारलास, हसू आलं आणि वाईटपण वाटलं. सीमा आंदोलनात माझे वडील हिंडलग्याच्या जेलात होते तेव्हा आजी भाकरी बांधून चालत जायची, आत पोचायची की नाही देव जाणे, पण जायची. तुला तसं जाता येणार नाही. पत्र मात्र लिही, केसबद्दल एक अक्षरपण नको, दुसरं कुणीतरी वाचूनच आत देतील. खानापूरकडं रोप लावण झाली का, दहावीच्या पोरांना भूमिती कोण शिकवूलंय, असलं लिही. एखादं न सुटलेलं गणितपण घाल.

सरांच्या घरचा गॅस अन् लाईटबिल बॅचनं वाटून घ्या, गाजावाजा न करता.

सोमवारी संध्याकाळी ये. ॲफिडेविटचा कच्चा मसुदा करून ठेवतो, येताना शेजारणीच्या लेकाचा तिकडचा नंबर घेऊन ये.

तुझा,
काका