आधी तट विचार

चि. मुली, अनेक आशीर्वाद.

‘कफार’, ‘हासेर’ आणि ‘हव्वोथ’ या तिन्ही हिब्रू शब्दांपुढे कोशात ‘खेडे’ हाच अर्थ मिळतो, मग बायबलमधील गावांच्या नकाशात त्यांत फरक कसा करावा, हा तुझा प्रश्न वाचून मला आनंद झाला आणि थोडा रागही आला. कोश मिटून ठेव आणि आधी तट विचार, म्हणजे वस्तीभोवती संरक्षक भिंत होती का ते पाहा.

बायबलमधील ‘लेवीय’ या पुस्तकाच्या 25व्या अध्यायात घरविक्रीचा नियम आहे. तटबंदीच्या नगरातले घर विकल्यास ते सोडवून घेण्याची मुदत एक वर्ष असून, ती टळली की घर कायमचे घेणाऱ्याचे होते. परंतु ज्या ‘हासेरीं’भोवती तट नाही तेथील घरे शेतांप्रमाणे गणावीत, ती सोडवता येतात आणि योबेलच्या, म्हणजे दर पन्नासाव्या, वर्षी मूळ मालकाकडे परत जातात. वस्तीचा आकार येथे कोणी विचारलेलाच नाही. तट आहे की नाही, एवढेच विचारले आहे!

नुसत्या अक्षरांवर भाळलीस तर उत्तर इस्राएलमधले ‘हासोर’ तुला हमखास फसवील. ते नाव ‘हासेर’च्याच घरातले वाटते, पण 1955 पासून पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादीन यांनी तेथे जे उकरले ते सुमारे 80 हेक्टरांवर पसरलेले, प्रचंड मातीबांध असलेले, इस्राएल लोकांच्या आधीच्या कनानी लोकांचे नगर होते. उलट गालील सरोवराकाठच्या कफर्णहूमच्या नावातच ‘कफार’ असताना ग्रीक शुभवर्तमाने, म्हणजे येशूची चरित्रे, त्याला नगर म्हणतात. उत्खननात मात्र सामाईक अंगणांभोवती दाटलेली काळ्या बेसाल्टची घरे निघाली आणि तट निघाला नाही. म्हणून पुन्हा सांगतो, आधी तट विचार.

एका नकाशाच्या कामात अशा सर्व नावांना एकच ठिपका द्यावा, असा आग्रह झाला होता. मी नकार दिला, हेकट ठरलो आणि ते काम दुसऱ्याकडे गेले. तो नकाशा माझ्या हातून व्हायला हवा होता, ही खंत आहे. पण ठिपक्यापुरता मी आजही तसूभर मागे हटणार नाही, कारण एकदा छापलेला ठिपका पुढे कोणी तपासत नाही.

आता बायबलमधल्याच ‘यहोशवा’ या पुस्तकाचा 19वा अध्याय घे. इस्राएलच्या शिमोन वंशाच्या वाट्यातील हसर-शुवालच्या नावात ‘हासेर’ आहे, तरी यादी त्याला नगरांत गणते आणि त्या नगरांच्या आणखी ‘हासेरी’ वेगळ्या सांगते. त्यापुढे घाईने ‘खेडे’ लिहू नकोस. जेथे तटाचा पुरावा नाही तेथे रकाना रिकामा ठेवून मगच मला यादी पाठव.