पारंपरिक धनुष्यांपैकी सगळ्यांसाठी सर्वोत्तम कोणतं?

असं एकच धनुष्य नाही. शिंग आणि कंडरांचं (स्नायू हाडाला जोडणाऱ्या तंतूंचं) तुर्की धनुष्य आखूड, घोड्यावरून मारायला फर्मास. पण त्याचे थर चिकटवणारा सरस दमट हवेत कच खातो, म्हणजे कोकणातल्या पावसाळ्यात जीव टांगणीला. जपानी युमी दोन मीटरहून उंच, त्याची शिकवणच वेगळी. १५४५ साली बुडालेल्या ‘मेरी रोझ’ जहाजावरची बहुतेक इंग्लिश धनुष्यं ओढायला ४५ किलोंहून जास्त जोर लागत असावा. झेपेल खांद्याला?

नवशिके असाल तर दहा-बारा किलो ओढीचं साधं लाकडी धनुष्य घ्या, वाचलेले पैसे बाणांवर घाला. बाणाची काडी ओढीच्या मानाने फार ताठ असली, की उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो, मग धनुष्य कितीही भारी असो.