जवळ बाळगायच्या पिस्तुलाला लांब मॅगझिन खात्रीची असते का?

आधी थेट उत्तर. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, हौस म्हणून चालेल. कमरेला पिस्तूल लावून माल पोचवायला जाताना मात्र नको. कारणं सांगायला जरा वेळ लागेल.

बाकीच्यांसाठी तुमचा प्रश्न पुन्हा मांडतो. हुपरीत चांदीचा व्यवसाय. आजोबांचं .३२ बोअरचं वॉल्थर पीपी, आता तुमच्या परवान्यावर चढलेलं. मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारा गोळ्यांचा डबा, ८ राउंडची (राउंड म्हणजे एक गोळी). अमेरिकेतला मेव्हणा १२ राउंडची लांब मॅगझिन बॅगेत टाकून आणतो म्हणतोय. ती भरवशाची असेल का? आणि ते नको असेल, तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात, लेथ-वर्कशॉपच्या वस्तीत, कुणाकडून जुनीच मॅगझिन वाढवून घेतली तर?

मी फौजेत आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो, आता कोल्हापुरात असतो. बंद पडलेलं हत्यार शेवटी आमच्याच टेबलावर यायचं. जवान सांगायचा, "साहेब, पिस्तूल खराब आहे." आम्ही पिस्तूल बाजूला ठेवून आधी मॅगझिन हातात घ्यायचो, आणि बहुतेक वेळा रोग तिथंच सापडायचा. तोंडाच्या दोन पट्ट्या, म्हणजे लिप्स, कुठंतरी पडून वाकलेल्या. नाहीतर स्प्रिंग मेलेली. नाहीतर आत धूळ आणि तेल मिळून झालेला चिखल. पत्र्याचा एक डबा, एक स्प्रिंग, राउंड खालून वर उचलणारा एक प्लॅटफॉर्म (बाहेर त्याला फॉलोअर म्हणतात) आणि खालची पट्टी, एवढंच काय ते सामान. पण अख्खं पिस्तूल त्याच्या मर्जीवर चालतं.

गोळी सुटली की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागं जाते, पुंगळी फेकते आणि पुढं येताना वरचा राउंड उचलून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, ढकलते. सगळा मामला डोळ्याचं पातं लवायच्या आत. तेवढ्या वेळात स्प्रिंगला खालची पूर्ण चळत वर आणून पुढचा राउंड लिप्सखाली हजर ठेवावा लागतो. ८ च्या जागी १२ राउंड भरले की उचलायचं वजन वाढतं, डब्याच्या भिंतींना होणारं घर्षण वाढतं, स्प्रिंगचा प्रवासही वाढतो. ऊसतोडीच्या हंगामात एका ट्रॉलीच्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडतात ना, तसलाच प्रकार. सपाटीला ओढतो, चढाला कळतं. मॅगझिनचा चढ दोन ठिकाणी असतो. गच्च भरलेली असते तेव्हा वरचा राउंड लिप्सना इतका दाबून बसतो की स्लाइडला तो ओढायला जड जातो. आणि शेवटचे दोन-तीन राउंड उरतात तेव्हा स्प्रिंग पूर्ण सैलावलेली असते, राउंड वेळेवर वर पोचत नाही. लांब मॅगझिन अडकली तर सुरुवातीला किंवा शेवटाला अडकते. मधले राउंड सुरळीत जातात, म्हणून व्हिडिओत सगळं छान दिसतं.

पण लांब म्हणजे वाईट असंही नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ग्लॉक १७ ची १७ राउंडची मॅगझिन त्याच कंपनीच्या लहान ग्लॉक १९ मध्ये बिनबोभाट चालते, फक्त खाली थोडी बाहेर राहते. सिग पी३६५ ला कंपनी स्वतःच १०, १२ आणि १५ राउंडच्या मॅगझिन देते. ज्यानं पिस्तूल बनवलं त्यानंच लांबी ठरवलेली असते, स्प्रिंग त्या मापाची घातलेली असते, आणि विकायच्या आधी चालवून बघितलेली असते. घोटाळा होतो तो तिसऱ्याच कारखान्याच्या मालात. ग्लॉक ४३एक्सला मूळ मॅगझिन १० राउंडची आहे. तेवढ्याच उंचीत १५ राउंड बसवणारी दुसऱ्या एका कंपनीची पोलादी मॅगझिन अमेरिकेत विकली जाते. पण पोलादानं पिस्तुलातला मॅगझिन धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा खटका, म्हणजे कॅच, झिजतो, म्हणून कॅचही धातूचा बसवायचा. एक बदललं की दुसरं बदलावं लागतं, आणि मूळ कंपनीनं तपासलेली जोडी मोडते.

आमच्या फौजेतल्या कार्बाइनचा, म्हणजे आखूड बंदुकीचा, इतिहासही हेच सांगतो. दुसऱ्या महायुद्धातल्या स्टेन गनची मॅगझिन ३२ राउंडची. आत राउंड दोन रांगांत आणि तोंडाशी एकाच रांगेत. त्या निमुळत्या गळ्यात ते अडकायचे, म्हणून जवान मुद्दाम दोन-चार कमीच भरायचे. पुढं स्टर्लिंग आली, आपली कार्बाइन १ए१ तिचीच. मॅगझिन ३४ राउंडची, म्हणजे स्टेनपेक्षा मोठी, तरी चालायला कितीतरी चांगली. कारण तिला बाक दिला, तोंडापर्यंत दोन रांगा ठेवल्या, आणि प्लॅटफॉर्मवर घर्षण कमी करायला रोलर बसवले. मोठी मॅगझिन हवी असेल तर ती अशी मुळापासून नव्यानं आखावी लागते. जुन्या डब्याला खालून शेपूट जोडून ते होत नाही.

आता तुमच्या .३२ ची खरी भानगड. हिच्यावर इंटरनेटवर फारसं कुणी बोलत नाही, कारण तिकडे सगळे ९ एमएमवाले. .३२ ऑटोचा, म्हणजे तुमच्या पिस्तुलाचा, राउंड बंदुका बनवणाऱ्या ब्राउनिंगच्या काळातला, १८९९ च्या आसपासचा. त्याच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर असते. ९ एमएमची तशी नसते. दुकानातून आणलेला राउंड घ्या, बुडाला 'केएफ' छापलेलं असेल, म्हणजे आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा. नख खालून वर नेलंत की कड नखाला अडकेल. मॅगझिनमध्ये वरच्या राउंडची कड खालच्याच्या कडेच्या पुढं असायला हवी. ती मागं गेली की दोघं एकमेकांत अडकतात. स्लाइड वरच्याला पुढं ढकलते, तो खालच्याला धरून बसतो, आणि पिस्तूल जागच्या जागी ठप्प. स्लाइड कितीही ओढा, सुटत नाही. मॅगझिन काढून, राउंड बोटानं उपसून, पुन्हा भरावी लागते. ज्याच्यापासून जीव वाचवायचाय तो तेवढा वेळ थांबणार नाही.

हे टाळायला मूळ मॅगझिनची मागची भिंत आणि आतली रुंदी त्या लांबीच्या राउंडसाठी बेतलेली असते. आत थोडी जरी जास्त मोकळीक राहिली, किंवा बोथट टोकाचा आखूड राउंड घातला, की राउंड पुढं-मागं सरकतात. प्रत्येक गोळीबरोबर खालच्या चळतीला हिसका बसतो. १२ च्या मॅगझिनमध्ये तळाचा राउंड वर येईपर्यंत जास्त हिसके खातो, तेवढी कडा अडकायची संधी जास्त. भरताना एक सवय लावून घ्या. प्रत्येक राउंड आधीच्याच्या कडेपुढं उतरला का, हे उजेडात बघायचं, अंगठ्यानं अंदाजानं कोंबायचं नाही.

आणि झाकून बाळगण्याचं काय? शर्टाखाली नळी कधीच दिसत नाही, दिसते ती मूठ. मूठ खाली दोन बोटं लांब झाली की वाकल्याबरोबर पाठीवर कापड उचलतं, आणि गाडीच्या सीटला ती टेकून मॅगझिन तिरकी रेटली जाते. सार्वजनिक जागी पिस्तूल होल्स्टरमध्ये, झाकलेलं आणि ताब्यात असलं पाहिजे. जत्रेत, मिरवणुकीत, शाळा-कॉलेजात ते न्यायचंच नाही, हे परवान्याच्या अटींतच आहे. दुसरी मॅगझिन हवीच असेल तर मूळ मापाची ८ राउंडची वेगळ्या खिशात ठेवा. एक अडकली तर दुसरी लावता येते. १२ ची एकच असली आणि तीच अडकली, तर १२ ही गेले.

माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे. अमेरिकेतले जाणकार सांगतात, नवी मॅगझिन जवळ बाळगायच्या आधी तिच्यातून दोनेकशे राउंड विनातक्रार झाडा. तिकडे ते दुकानात जाऊन पेटी उचलतात. तुमच्या परवान्यावर वर्षाला किती राउंड लिहिलेत ते एकदा काढून बघा. तपासणीतच वर्षाचा कोटा संपेल. लांब मॅगझिन न तपासता कमरेला लावणं म्हणजे नशिबावर हवाला. मूळ मॅगझिनबद्दल निदान आजोबांच्या काळापासूनचा अनुभव आहे. तिच्यात फक्त स्प्रिंग नवी टाकून घ्या. पीपी १९२९ पासूनचं पिस्तूल आहे, तुमचं कधीचं ते ठाऊक नाही, पण स्प्रिंग जर पहिलीच असेल तर तिचं वय झालंय. भरून ठेवल्यानं स्प्रिंग मरते म्हणतात, ते निम्मं खरं. मूळ मापात भरलेली स्प्रिंग महिनोन्‌महिने टिकते, तिला थकवतं ते वारंवार दाबणं-सोडणं. मापाबाहेर कोंबलेली मात्र नुसती बसूनही ढिली होते. चांदीला पॉलिश करताना जी बारीक पूड उडते ती मॅगझिनच्या आत जाते, त्यामुळे पेढीवर वावरणाऱ्यानं ती इतरांपेक्षा लवकर उघडून कोरड्या फडक्यानं पुसावी. आत तेल ओतू नका, पूड तेलालाच चिकटते. प्रत्येक मॅगझिनच्या बुडावर आकडा टाकून ठेवा, म्हणजे कुठली रडते ते कळेल.

उद्यमनगराबद्दल. तिथल्या कारागिरांच्या हाताला मी नमस्कार करतो, नमुना दाखवला तर ते काहीही उतरवून देतील. पण १९५९ च्या शस्त्र कायद्यात हत्याराचे सुटे भागही हत्यारातच मोजले जातात, आणि विनापरवाना बनवण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची शिक्षा आहे. तुमच्या ४ राउंडसाठी एखाद्या लेथवाल्याचं घर उठेल. स्प्रिंग किंवा मॅगझिनचं काम परवाना असलेल्या शस्त्र विक्रेत्याकडं, पावती घेऊन.

तीच गोष्ट मेव्हण्याची. हत्याराचा भाग परदेशातून आणायला आयातीचा परवाना लागतो. बॅगेत विसरून राहिलेल्या एका काडतुसापायी विमानतळावर लोकांवर गुन्हे दाखल झालेत, इथं तर अख्खी मॅगझिन आहे. स्कॅनरवर ती लगेच ओळखू येते, आणि "दाजींसाठी आणली" हे उत्तर तिथं चालत नाही. त्यांनी अजून घेतली नसेल तर आजच फोन करून नको म्हणा. घेतली असेल तर तिकडेच दुकानात परत करू द्या.