आधी तिकीट कोण काढतं ते बघ

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

जपानमधल्या लिंगभावावरच्या तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. मांगा चित्रकथा, ॲनिमे चित्रपट, पारंपरिक काबुकी नाटकं, पुरुषांनी बायकांची करमणूक करायचे होस्ट क्लब आणि वर समलिंगी विवाहाचे कोर्टातले निकाल! अगं, चार जणींच्या पीएचड्या होतील एवढ्यात. एकच संस्था धर आणि तिचा पिच्छा पुरव. मला विचारशील तर ताकाराझुका, ती फक्त बायकांची संगीत-नाट्यसंस्था.

ओसाकाजवळच्या ताकाराझुका याच नावाच्या गावी इचिझो कोबायाशी या रेल्वेमालकाचा मार्ग संपत होता. शेवटच्या स्टेशनापर्यंत गाडी भरायची तर तिथे लोकांना ओढणारं काहीतरी हवं. गरम पाण्याचे झरे होते, त्याने बंदिस्त पोहण्याचा तलावही बांधला. तो काही चालेना. मग तलावावर फळ्या टाकून नाट्यगृह केलं. १९१३ साली मुलींचा संच जमवला आणि १९१४ मध्ये पहिला प्रयोग झाला. लिंगभावावरच्या प्रबंधात रेल्वेचा धंदा कशाला, असं तुझे गाईड विचारतील. विचारू देत. तो काढलास तर प्रबंधात नुसती कौतुकं उरतील.

आज तिथे पाच संच आहेत, सगळ्या बायका. पुरुष रंगवणाऱ्या मुली केस बारीक कापतात, आवाज खाली आणतात, बसण्या-चालण्याची ढब वर्षानुवर्षं घोटतात. शेवटी सव्वीस पायऱ्यांच्या झगझगीत जिन्यावरून मुख्य नायक पाठीवर पिसांचा प्रचंड पसारा घेऊन उतरतो, आणि समोर बघणाऱ्याही बहुतेक बायकाच. प्रयोग सुटल्यावर चाहत्या दाराबाहेर शिस्तीत रांगा लावून थांबतात.

हे बघून दोन निष्कर्ष झटकन सुचतात: ही बंडखोरी आहे, किंवा हा पुरुषी व्यवस्थेचाच एक खेळ आहे. दोन्हींना पुरावे मिळतात, म्हणून दोन्हींपासून जरा लांब राहा. लग्न केलं की संच सोडावा लागतो. लेखक-दिग्दर्शक बराच काळ पुरुषच होते. तरीही रंगमंचावर जो पुरुष दिसतो, तो रस्त्यावर कुठे भेटत नाही. तिकीट काढणाऱ्या बायकांच्या पसंतीनेच तो घडत गेला. माझ्या मते तुझा खरा विषय हा आहे.

पुण्यात कुणालाही विषय सांग, पहिलं नाव बालगंधर्वांचंच निघेल. तुलना जरूर कर, पण घाईने नको. आपल्याकडे घरंदाज बाई रंगमंचावर येत नव्हती म्हणून पुरुष स्त्रीपार्टी झाले. जपानात १६२९ मध्ये शोगुनशाहीने, म्हणजे तिथल्या लष्करी राजवटीने, बायकांना रंगमंचावरून हटवलं, आणि काबुकीत स्त्रीभूमिका पुरुषांकडे गेल्या. ताकाराझुकाचं तसं नाही. मात्सुइ सुमाको या नटीने १९११ मध्येच इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस' नाटकातली नोरा रंगवली होती आणि तिच्यासमोर काम करायला पुरुष नट होते. म्हणजे इथे अडचण कसलीच नव्हती. मग बायकांनीच पुरुष का व्हायचं? याचं उत्तर तुला शोधायचंय.

माध्यमांचा धागाही इथेच सापडेल. मांगाकार ओसामु तेझुका याच गावात वाढला, आईबरोबर हे खेळ बघत. १९५३ मध्ये त्याने राजपुत्र म्हणून वाढवलेल्या राजकन्येची मांगा सुरू केली. १९७२ मध्ये रियोको इकेदाने आपल्या मांगात फ्रेंच राजवाड्याच्या रक्षकदलातली, मुलासारखी वाढवलेली ओस्कार आणली. १९७४ मध्ये ताकाराझुकाने तीच रंगमंचावर उभी केली आणि गर्दी उसळली. रंगमंचावरून कागदावर, कागदावरून परत रंगमंचावर. ॲनिमेचं प्रकरण तू स्वतंत्र काढणार होतीस ना? इथेच जोड.

आणि कलाकार या नोकरी करणाऱ्या बायका आहेत, हे विसरू नकोस. २०२३ मध्ये एका तरुण कलाकाराच्या मृत्यूनंतर कामाचे तास आणि वरिष्ठांचा जाच यांवर बरंच वादळ उठलं. मार्च २०२४ मध्ये कंपनीने छळ झाल्याचं मान्य करून माफी मागितली. पिसं आणि झगमगाट यांवर पानंच्या पानं लिहिणारे इथे येऊन गप्प होतात. तू होऊ नकोस.

आता कामाचं. जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन-थ्री पातळीवर भागणार नाही, त्याच्या वरच्या एन-टूची तयारी आजपासून धर. संस्थेचं 'कागेकी' हे मासिक १९१८ पासून निघतं. त्यातलं वाचकांच्या पत्रांचं सदर आधी वाच, समीक्षकांची पुस्तकं नंतर. कुठली नटी आवडली, का आवडली, कुणाचा राग आला, हे त्या चाहत्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय. युद्धाच्या आधीचा एक आणि सत्तरच्या दशकातला एक, असे दोन अंक मिळव. त्यातल्या दहा पत्रांचं भाषांतर करून पाठव, मग आराखड्याचं बोलू.

तुझी,
मॅडम